गोधडीचं दुसरं टोक

वाशीमच्या अकोला नाक्यावरून घरी येताना वाटेत एका ठिकाणी माझी पावलं आपोआप हळू होतात. तिथं डिझेलचा, धुळीचा आणि भज्यांच्या तेलाचा वास अचानक बाजूला सरतो आणि एक गरम, ओलसर, साबणाचा वास अंगावर येतो. उन्हात वाळलेल्या कपड्यांना जो कोरडा, किंचित करपल्यासारखा वास असतो, तो हा नव्हे. यात ओल आणि ऊब एकाच वेळी असते. काचेच्या दारावर निळी पाटी आहे, ‘आपले कपडे आपणच धुवा’. दाराच्या आत भिंतीला टेकून उभी असलेली मोठाली यंत्रं, त्यांच्या गोल खिडक्यांत गरगरणारे लोकांचे शर्ट, चादरी, परकर, आणि समोर एक लांब बाकडं. त्या बाकड्यावर आठवड्यातून दोन-तीनदा माझी माय बसलेली असते. तिच्या शेजारी कुणीतरी परकं माणूस असतं. माय त्या माणसाशी बोलत असते, हातवारे करते, मांडीवर थाप मारून हसते. आणि मी काचेबाहेर उभी राहून जळते. ‘जळते’ याहून सौम्य शब्द मी शोधून पाहिला, पण तो खोटा ठरेल.

या वयात, शाळेतली नोकरी पुरी करून घरी बसलेल्या बाईनं स्वतःच्या ऐंशी वर्षांच्या आईवरून हेवा करावा, हे शोभत नाही हे मलाही कळतं. पण हेवा वय बघून येत नाही. माझा तर फार जुना आहे. तो नदीवर जन्मला.

आमचं गाव शिरपूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. गावाला नदी होती. आजही आहे म्हणायला हरकत नाही, पुलावरची पाटी तसं सांगते. तेव्हा नदीला दिवाळीनंतरही पुष्कळ दिवस धार असायची आणि पाणवठ्यावर दगडांची एक रांग असायची. ते दगड दिसायला कुणाचेच नव्हते, पण प्रत्येकाला मालकीण होती. सासू थकली की दगड सुनेकडे जायचा. नवी आलेली बाई चुकून दुसरीच्या दगडावर बसली, तर कुणी भांडायचं नाही. नुसतं बाजूला उभं राहायचं, म्हणजे ती आपली आपण उठायची. मायचा दगड काळा, मधे किंचित खोलगट, आणि त्याला लागूनच काकूचा.

काकू म्हणजे गावातल्या एकुलत्या किराणा दुकानाची मालकीण. जैनांचं घर. आमचं शेतकऱ्याचं. दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आणि बाहेर या दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत, साखर, तेल, झालं. पण नदीवर गेल्या की त्या वेगळ्याच बाया होत. काकू धुणं सुरू करण्याआधी बादलीच्या तोंडावर जाड दुपदरी फडकं धरायची आणि नदीचं पाणी त्यातून गाळून घ्यायची. मग ते फडकं उलटं करून त्याच नदीच्या पाण्यात हलक्या हातानं खंगाळायची. अडकलेले बारके जीव त्यांच्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, ही तिच्या घरची रीत. फडक्याचं दुसरं टोक माय धरायची. त्या वेळी मायच्या चेहऱ्यावर जो एक शांत, लक्ष लावलेला भाव असायचा, तो मी घरात कधी पाहिला नाही. घरात ती चुलीला, म्हशीला, सासूला आणि आम्हाला वाटून संपलेली असायची. पाणवठ्यावर तिची शिल्लक निघायची आणि ती सगळीच्या सगळी काकूच्या पदरात पडायची.

दोघी काय बोलत, ते मला कधी कळलं नाही. कपडे बडवायच्या मोगऱ्यांच्या धपाधप आवाजात शब्द बुडून जायचे. मला लहान भावंडांच्या कपड्यांची बोचकी राखायला काठावर बसवलेलं असायचं. जरा जवळ सरकले की बोलणं थांबायचं आणि माय म्हणायची, “तू काहून आली वं अठी? तिकडं बस, भिजशीन.” मग मी तिकडं बसायची आणि दुरून तिचं हसू बघायची. एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणतात ते मी काकूच्या बाबतीत अक्षरशः केलं आहे. नदीच्या पाण्यात तिचं प्रतिबिंब पडायचं आणि मी त्याला खडे मारायची.

पण खरं दुखणं पिळण्याचं होतं. सदरा, फराक एकटीला पिळता येतो. नऊवारी लुगडं, आणि त्याहून गोधडी, पाणी प्यायली की एका माणसाला ऐकत नाही. तिला दोघी लागतात. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, समोरासमोर उभं राहायचं आणि पीळ द्यायचा. मध्ये गोधडीचा दोरखंड होतो, कणाकणानं आक्रसतो आणि त्यातून नदी परत नदीत पडते. काकूचा आणि मायचा पीळ गावात नाव घेण्यासारखा होता. दोघींच्या गोधड्या दुपारपर्यंत वाळायच्या.

काकू माहेरी गेली की मी आशेनं उभी राहायची. माय टोक माझ्या हातात द्यायची. मी तिच्या हातांकडे डोळे लावायची आणि तिचे हात जसे फिरताना दिसायचे अगदी तसेच माझे फिरवायची. आणि गोधडी नुसती गोल गोल फिरायची, थेंब पडायचा नाही. कारण साधं होतं, पण ते मला कितीतरी वर्षं कळलं नाही. समोरच्याचं पाहून तसंच केलं की पीळ बसत नाही. दोघींनी आपापल्या उजव्या अंगाला पिळायचं असतं, मग ते आपोआप एकमेकींच्या उलट जातं. माय ओरडायची, “माया हाताकडं नोको पाहू, तुया हातानं पिय!” पण तिच्याकडे न पाहायचं हे मला कसं जमणार होतं? मी तर तिच्याकडं पाहायला मिळावं म्हणूनच उभी राहिलेली असायची. शेवटी ती टोक काढून घ्यायची. “सोड. ते आल्यावर पाहू.” ते म्हणजे काकू. आमच्याकडे बाईलाही ‘ते’ म्हणतात, आणि बाईही ‘मी करतो’ म्हणते. ओली गोधडी तशीच दगडावर ठेवून माय काकूची वाट बघायची, आणि मी घरी जाऊन कुणाशी बोलायची नाही.

पुढं गावात नळ आले. अंगणात सिमेंटचे ओटे झाले, प्रत्येकीचा स्वतंत्र. मी तेव्हा अकोल्याला वसतिगृहात राहून शिकत होते. सुटीत आले तर माय ओट्यावर एकटीच कपडे आपटत होती. मला वाटलं, बरं झालं. हे आता लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. मला खरंच वाटलं, बरं झालं, सुटली एकदाची ती काकू. पण काकू सुटली नाही, दोघी गोधड्या धुवायला मुद्दाम नदीवर जायच्या, निमित्त काढून. मायचं हसू तिथंच राहिलं. माझ्या वाट्याला आलं नाही.

मग यंत्रं आली. माझ्या घरी आधी दोन डब्यांचं आलं, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात ओले कपडे उचलून टाकायचे. नंतर पूर्ण आपोआप चालणारं. ते काम झाल्यावर गाणं म्हणतं. परदेशात राहणारा भाचा एकदा सांगत होता, त्यांच्याकडे म्हणे पूर्वी लोकांच्या घरात यंत्र ठेवायला जागा नसायची म्हणून गल्लोगल्ली अशी धुण्याची दुकानं होती. लोक नाणी टाकायचे, कपडे फिरेपर्यंत पुस्तकं वाचायचे, भांडायचे, प्रेमात पडायचे. आता घरोघरी यंत्रं झाल्यावर ती दुकानं ओस पडत चालली आहेत. आमच्या वाशीमचं सगळं उलट. इथं आधी घरात यंत्र आलं, मग नळाचं पाणी गेलं, मग दुकान आलं.

दुकान जिथं आहे तिथं पूर्वी फोनचा बूथ होता. बूथ गेला, झेरॉक्स आलं, झेरॉक्स गेलं, मोबाइलची कव्हरं आली. मग एक दिवस काचा लागल्या आणि ही निळी पाटी. “धुवाचं आपनच, अन पैशेबी आपनच द्याचे? मंग घरी काय वाईट हाय?” असं शेजारची भाजीवाली म्हणाली, आणि गावाचं मत तेच होतं. सुरुवातीला फक्त क्लासला आलेली पोरं यायची, आसपासच्या गावांची, मेडशीची, जऊळक्याची, खोल्या करून राहणारी. कानात गाणी घालून बसायची, एकमेकांकडे बघायचीही नाहीत. मग पावसाळा लागला, कपडे वाळेनात, तर बाया घरी धुतलेले कपडे नुसते वाळवायला घेऊन आल्या. लग्नसराईत पाहुण्यांच्या चादरींचे ढीग आले. शिरपूरला दर्शनाला निघालेली लांबची कुटुंबं बस बदलताना दोन पिशव्या धुऊन घेऊ लागली. आणि उन्हाळ्यात, नळाची वाट बघून बघून थकलेली सगळी गल्ली तिथं लोटली, कारण दुकानाला बोअर होता. त्या उन्हाळ्यात बाकड्यावर जागा मिळेना. कानातली गाणी काढून पोरं बायांना बटणं दाबून देऊ लागली. दुकान काढणाऱ्यानं हे काही ठरवलं नसणार, पण वाशीमच्या नाक्यावर पाणवठा भरला.

त्याच उन्हाळ्यात मी मायला घेऊन गेले. तिला माझ्याकडे येऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते. गावी एकटीला राहणं होईना, म्हणून मी हट्टानं आणली होती. हट्टाला माझं कारण होतं. आता आम्ही दोघीच, मधे कुणी नाही. चुलीला, म्हशीला, काकूला, कुणाकुणाला वाटलेली माय आता उरलेली तरी पूर्ण माझी. पण माय घरात आली आणि गप्प झाली.

“जेवली का माय?”

“हाव.”

“कंटाळा आला का?”

“नाही.”

“काही बोल की.”

“काय बोलू?”

मी खिडकीत तिच्यासाठी खुर्ची टाकली, टीव्ही लावून दिला, जुने फोटो काढले. ती फोटोंकडे बघायची आणि “हाव, हाव” म्हणायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी तिच्या पोटी पिकलेली, माझ्यापाशी तिचं बोलणं खपेना.

दुकानात शिरल्यावर मात्र तिनं पहिल्यांदा वर मान करून सगळीकडे पाहिलं. गोल खिडकीत फेस चढताना बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे पानी गाळून येते का वं?”

“यंत्रात जाळी असते माय.”

“मंग जाळीत जे अडकते ते कुठी जाते?”

मी खिडकीतून जाळी शोधू लागले. ती स्वतःशीच म्हणाली, “ते असती त पयले हेच इचारलं असतं तिनं.” झालं. वाशीमच्या नाक्यावर, विजेच्या यंत्रापुढेही काकू आलीच. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दुसरीकडे तोंड करून बसले. मी बोलत नाही म्हटल्यावर माय पलीकडच्या बाईशी बोलू लागली. आणि बोलतच राहिली. घरात दोन वर्षांत निघाले नव्हते इतके शब्द त्या एका धुण्यात निघाले.

नंतर ती एकटी जाऊ लागली. वाट सोपी, गल्लीतून निघालं की सरळ. आधी मला बरं वाटलं, चार माणसांत जाते. पण पाऊस झाला, नळाला पाणी आलं, घरचं यंत्र सुरू झालं, तरी मायची पिशवी चालूच. “देवाचं कापड आहे,” म्हणायची, “उशीचा अभ्रा आहे.” एकदा मी सकाळी धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवलेली चादर संध्याकाळी हातात घेतली, तर तिला त्या दुकानाचा वास. कपाट उघडून एकेक कापड नाकाला लावलं. अर्ध्याहून जास्त कपड्यांना तोच ओल्या उबेचा वास. माय धुतलेले, स्वच्छ कपडे पिशवीत भरून नेत होती आणि पुन्हा धुऊन आणत होती.

“माय, हे कपडे मी कालच धुतले होते.”

“मले वाटलं, मयले हायत.”

“मळलेले नव्हते. तू काहून नेतेस तिकडे? तुला कंटाळा येतो तर माझ्याशी बोल ना. मी आहे ना घरात!”

तिनं चादरीवरून हात फिरवला. मग सावकाश म्हणाली, “तुयाशी बोलतो की बाई. जेवली का म्हनलं त हाव म्हंतो.” यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच वाटत होतं की ती माझ्याशी बोलते. मी चादर पुन्हा कपाटात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तीच चादर घेऊन ती गेली. मी तिच्या मागून गेले, आणि तेव्हापासून हे काचेबाहेर उभं राहणं लागलं.

आत बहुतेक वेळा एक मुलगी असायची. मेडशीची, नर्सिंगचं शिकणारी, पांढरे गणवेश धुवायला येणारी. तिची माझी ओळख नव्हती, पण तिच्या नाकातली चमकी, ओढणी मागे टाकण्याची ढब, सगळं मला पाठ झालं. माय तिच्याशी बोलताना तिचा हात हातात घ्यायची. माझा हात तिनं शेवटचा केव्हा घेतला होता? डॉक्टरच्या जिन्यावर, पडू नये म्हणून.

मग मायला सर्दी-ताप आला. अंथरुणातूनसुद्धा तिचं, “पिशवी नेऊन दे, यंत्रात टाकून दे, मंग घेऊन ये.” वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गेले. मुलगी बाकड्यावर होतीच. पिशवी पाहिली आणि उठून उभी राहिली.

“आज आजी नाही आल्या? बरं नाही का त्याईले?” आणि मग माझ्याकडे नीट पाहून, “तुमीच का त्या? आजीच्या अकोल्यावाल्या?”

‘अकोल्यावाली’ हे माझं गावातलं नाव मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, “तुला काय माहीत माझं?”

“लय माहीत हाय,” ती हसली. “आजी दुसरं काय बोलते? तुमचंच त सांगत राह्यतात. तुमाले शिकाले अकोल्याले पाठवलं तवा तुमचा तो निळा फराक घरी राहून गेल्ता ना?”

मला फराक आठवला. निळा, खांद्यावर रफू केलेला. जाताना तो बोचक्यात मावला नव्हता.

“आजी तो रोज धुण्यात घालून नदीवर नेत, अन सगळं धुणं झालं की तो तसाच कोरडा वापस आनत. पान्यात टाकाले हातच होत नव्हता म्हने. तुमचा वास हाय ना त्याले. बाजूच्या दगडावरच्या काकू रोज इचारत, आज? अन आजी म्हनत, उद्या.” मुलीनं यंत्राचं झाकण लावलं. “मले लय रडू आलं होतं आयकून.”

मी विचारलं, “मग धुतला कधी?”

“थे नाही सांगतलं. तुमीच इचारा ना.”

तुम्हाला वाटेल, माझा हेवा त्या क्षणी विरघळला असेल. नाही हो. तो दुप्पट झाला. काठावर बसून खडे मारत होते तेव्हा समोर चाललेलं सगळं बोलणं कदाचित माझंच होतं, आणि माझीच गोष्ट काकूला ठाऊक, काल आलेल्या मेडशीच्या पोरीला ठाऊक, आणि मला नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला मायच्या बोलण्याचा विषय व्हायचं नव्हतं. मला तिच्या शेजारच्या दगडावर बसायचं होतं. यंत्राच्या गोल खिडकीत मायची चादर फिरत होती आणि मी त्या परक्या मुलीसमोर डोळे पुसत, मनातल्या मनात तिचा राग राग करत बसले होते. मायला मी काही विचारलं नाही. ताप उतरला तरी नाही. इतकी वर्षं ज्यांनी विचारायचं त्यांनी विचारलं होतं, आता मी कोणत्या तोंडानं विचारू?

परवा थंडी पडायच्या आत गोधड्या धुवायच्या म्हणून दोघी गेलो. या खेपेला मी बाहेर थांबले नाही, आत जाऊन बाकड्यावर बसले. गोधड्यांसाठी तिथं वरून झाकण असलेलं एक मोठं यंत्र आहे. माय, मी, पलीकडं ती मुलगी. गोधडी मायच्याच हातची, तिच्या जुन्या लुगड्यांची. अर्ध्यात आली आणि वीज गेली. सगळी यंत्रं एकदम गप्प झाली. दुकानात माणूस कुणी नसतंच. पाटीवरच्या नंबराला फोन केला तर मालक म्हणाला, नाक्यावरचंच काहीतरी जळालंय, वेळ लागेल.

माय उठली, झाकण वर केलं आणि आत वाकून पाहिलं. गोधडी पाण्यात बसली होती. “काहाडा लागते,” ती म्हणाली. तिघींनी मिळून ओढून बाहेर काढली, दारापुढच्या फरशीवर आणली. पाण्याचा लोंढा रस्त्यावर गेला. मायनं एक टोक उचललं, ऐंशी वर्षांच्या हातात घट्ट धरलं आणि समोर पाहिलं. समोर मी होते आणि माझ्या शेजारी ती मुलगी होती. मी अर्धं पाऊल तिच्या पुढं सरकले. खरंच सांगते, साठीची बाई मी.

मी टोक उचललं. मला पिळता येतं. वसतिगृहाच्या गच्चीवर मैत्रिणींबरोबर शिकले होते, पुढं आयुष्यभर चादरी पिळल्या. तरी त्या दिवशी मी मायच्या हातांकडे पाहिलं आणि माझे हात तसेच फिरले जसे तिचे फिरताना दिसत होते. मुद्दाम का, हे मला विचारू नका. गोधडी आमच्यामध्ये गोल गोल फिरली. थेंब पडला नाही.

मुलीनं लगबगीनं माझ्या टोकाकडं हात पुढं केला. “द्या काकू, मी धरतो.”

“थांब वं पोरी,” माय म्हणाली. “माई लेक हाय ते. तिले जमत नाही हे, लहानपनापासून. शिकू दे तिले.” आणि हसू लागली. तेच हसू. मांडीवर थाप मारायला हात मोकळे नव्हते म्हणून नुसते खांदे हलत होते. “माया हाताकडं नोको पाहू वं बाई. तुया हातानं पिय.”

मी मान खाली घातली, माझ्या हातांकडे पाहिलं आणि उजवीकडे पीळ दिला. पीळ बसला. गोधडी आक्रसली आणि पाणी आमच्या दोघींच्या पायांवर पडलं. मायच्या हातांचा जोर लुगड्यांच्या त्या सगळ्या थरांतून माझ्या तळव्यांपर्यंत येत होता, अजून पुष्कळ होता. तो आजवर काकूला ठाऊक होता, आता मलाही ठाऊक झाला.

ओली गोधडी पायाशी ठेवून रिक्षानं निघालो. वाटेत माय म्हणाली, “तिले फोन लाव.”

कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. काकू अजून गावातच असते, किराणा दुकानामागच्या खोलीत. ऐकू कमी येतं, म्हणून मी आवाज मोठा करून फोन दोघींच्या मधे धरला. मनात आलं, हात माझे लागले, पण सांगायला पुन्हा तीच! हा माझा हेवा माझ्याबरोबरच जाणार, दुसरं काय.

“बोल वं!” तिकडून आवाज आला.

“आज पोरीनं पीय धरला,” माय ओरडून म्हणाली.

“कोन्या पोरीनं?”

“कोन्या म्हंजे? आपल्या.”

“पयले उलटा देल्ला असन!”

“उलटाच देल्ला!” आणि दोघी हसायला लागल्या. नदी आटली, दगड वाळूत गेले, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला म्हातारी झाली, पण त्यांच्यामधला पीळ अजून तसाच होता, आणि मी पहिल्यांदा त्याच्या इतकी जवळ बसले होते.

“तो निळा फराक याद हाय का तुले?” काकू म्हणाली. “तू कुठी धुतला तो? शेवटी म्याच धुतला, गाळलेल्या पान्यात. तू तिकडं तोंड करून बसली व्हती.”

“मले पाहवत नव्हतं,” माय म्हणाली. “मंग पुढं काय झालं, मले समदं आठवत नाही वं. तू सांग.”

काकू सांगू लागली. रिक्षा आमच्या गल्लीत वळत होती, फाटक दिसू लागलं होतं. मी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला आणि खुणेनंच सांगितलं, थांबू नका, नाक्यापर्यंत आणखी एक चक्कर मारा.